बसा की, कोण नको म्हणतंय?

गावाहून,
१० फेब्रुवारी २०२५

चि. प्रशांतकुमार,

अक्काचा आशीर्वाद. फोन सोडून पत्र कामून लिहायलेय, असं वाटंल तुला. फोनवर तू माझं पहिलं वाक्य संपायच्या आत 'अक्का, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस. कागदाला तसं म्हणता येत न्हाई, म्हणून कागद घेतला.

पेपरात तुझा फोटो बघितला. कलबुर्गीचा गार हॉल, गळ्यात ओळखपत्राची दोरी, मागं एवढा मोठा फलक: 'सार्वजनिक अवकाश: कला, स्वातंत्र्य आणि सीमा'. तुझ्या दाजींनी मोठ्यानं वाचून दाखवलं. सार्वजनिक अवकाश म्हणजे काय हो, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आपला कट्टा की!" आणि चप्पल घालून तिकडंच गेले.

कट्टा तुला ठावं आहे. बसथांब्याजवळचा लिंब, त्याच्याभोवती शहाबादी फरशी. त्या थांब्यावर सावली म्हणून तेवढीच. सकाळी चहा झाला की गावातले समदे बापे तिथं येऊन बसायलेत, त्यांत तुझे दाजीही. आम्ही बायका समोर लाइटच्या खांबाजवळ उन्हात उभ्या. बायकांनी बसू नये अशी पाटी कुठंच न्हाई हं. कुणी विषय काढला तर कट्ट्यावरचे थोरले जगदेवप्पा लगेच म्हणतात, "बसा की, कोण नको म्हणतंय?" आणि एकजण बोटभर सरकत न्हाई. नको म्हणाले असते तर भांडले तरी असते मी.

माझी काळजी आत्याबाईंची आहे. दिवाळीआधी माझी सासू सिद्धव्वा पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, हे तुला माहीतच आहे. आता दर गुरुवारी भालकीला पायाचा व्यायाम करून घ्यायला न्यावं लागतंय. डॉक्टरांनी बजावलंय की ह्यात खंड पडला तर पाय आखडंल आणि बाई अंथरूण धरतील. बस तिच्या मर्जीनं येणार. तोवर म्हातारी खांब धरून उभी. कट्ट्यावर बसा म्हटलं तर मलाच रागावतात. जगदेवप्पा नात्यानं त्यांचे थोरले दीर. लग्न होऊन आल्यापासून सिद्धव्वा त्या कट्ट्यासमोरून चप्पल हातात घेऊन गेली, आणि दिरांशी एक शब्द बोलली न्हाई. आता म्हातारपणी मांडी घालून बसतील व्हय?

बरं, निरोप असा. ह्याच बसणाऱ्या मंडळींनी 'कट्टा सुशोभन समिती' काढली आहे. कट्ट्यामागच्या भिंतीवर बसव जयंतीपर्यंत चित्र पाहिजे. तू फुकट काढणार असं त्यांनी ठरवूनही टाकलंय, कारण तू 'आपल्या सुनेचा भाऊ'. ये बाबा. तुझा अवकाश बघून जा.

तुझी,
नागरत्ना

०

कलबुर्गी,
१९ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,

शरणु शरणार्थी. तुझ्या टोमण्यांसकट पत्र पोचलं. समितीला माझा होकार कळव.

मी खूप विचार केला. भिंतीवर अनुभव मंटप रंगवणार. बाराव्या शतकातली शरणांची ती सभा, जिथे बायका आणि पुरुष एका पातळीवर बसून वाद घालत. आपल्या बीदर जिल्ह्यातच हे घडलं, आणि त्याच जिल्ह्यातल्या कट्ट्यावर आज ही अवस्था! चित्रात बायका ऐसपैस बसलेल्या असतील, हात उंचावून बोलत असतील. रोज ते चित्र बघून बघून माणसांची नजर बदलेल. अक्का, कला भांडत नाही, ती हळूहळू जागा करते. हे माझ्या भाषणातलं वाक्य आहे, टाळ्या पडल्या होत्या.

तोवर तुम्ही दोघी एक घडीची खुर्ची का नेत नाही? साधा उपाय आहे.

आणखी एक. तू माझ्या कलेला हसतेस म्हणून तुझीही आठवण करून देतो. औरादला, आपल्या दारात, नागपंचमीला तू रांगोळी बाहेरून आत काढत गेलीस आणि मधोमध अडकून बसलीस. रांगोळीवर पाय द्यायचा नाही, म्हणून भोकाड पसरलंस. शेवटी अप्पांनी तुला उचलून बाहेर काढलं. आई किती दिवस म्हणायची, "आतून बाहेर काढत यायचं असतंय गं येडे!" तेव्हा कलेतल्या सीमा मला शिकवू नकोस.

दाजींना नमस्कार. श्रीदेवी विचारते, तिकडची नवी तूर मिळेल का?

तुझा,
प्रशांत

०

गावाहून,
१७ मार्च २०२५

चि. प्रशांत,

आशीर्वाद. तुझ्या बायकोला तूर बसच्या डायव्हरकडं दिली आहे. तिला म्हणावं निवडून घे, खडे आहेत.

खुर्चीचं ऐक. नेली होती. एक दिवस ठेवली खांबाजवळ. डायव्हर म्हणाला बस वळत न्हाई. समिती म्हणाली रहदारीला अडथळा. समितीच्या तीन मोटारसायकली तिथंच आडव्या लावलेल्या होत्या, पण त्या रहदारीतच मोडतात म्हणे. खुर्ची जगदेवप्पांनी कट्ट्यावर ठेवून घेतली. आता त्यावर तेच बसतात. टेकायला बरी आहे म्हणाले.

तू पाठवलेला चित्राचा कच्चा नमुना समितीनं लिंबाला टांगला. समद्यांना लई आवडला. थोड्याच सूचना आहेत. बायकांच्या डोक्यावर पदर पाहिजे. हात उंचावलेले नकोत, भांडायलेत असं दिसतंय. बायका बाप्यांच्या इतक्या जवळ बसल्या तर लहान पोरांवर काय संस्कार होतील, म्हणून त्यांना मागं न्यायचं. आणि मागं बसल्या तर दिसत न्हाईत, म्हणून उभ्या करायच्या. उभ्या केल्यावर हात मोकळे बरे दिसत न्हाईत, म्हणून आरतीचं ताट द्यायचं. तुझे दाजीच हे लिहून घेत होते. मी म्हटलं, "त्या ताटात माझी भाकरी बी ठेवा." हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करायलेय.

आता खरं सांगते. सहा तारखेच्या गुरुवारी आत्याबाई खांबाजवळ चक्कर येऊन पडल्या. शेजारच्या गुरुबाईनं धावत येऊन मांडीवर घेतलं, मी तोंडावर पाणी मारलं. कट्ट्यावरचे समदे उठून उभे राहिले, एवढं खोटं बोलणार न्हाई. जगदेवप्पा म्हणाले, "अरे, बसवा की त्यांना वर, कोण नको म्हणतंय?" आत्याबाईंनी त्या अर्धवट शुद्धीतही पदर पुढं ओढला आणि घरी चला म्हणाल्या.

तेव्हापासून भालकी बंद. परवाच्या गुरुवारी गेलो न्हाई. काल त्या न्हाणीत भिंत धरून गेल्या, आज मला धरून. मला भीती वाटायली आहे रे. ह्या बाईनं माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला चुलीपाशी बसू दिलं न्हाई. तिला मी खाटेवर पडलेली बघू?

तू सूचना मान्य करू नको. एवढं एक कर.

नागरत्ना

०

कलबुर्गी,
२८ मार्च २०२५

ती. अक्कास,

शरणु शरणार्थी. आत्याबाईंचं वाचून वाईट वाटलं. घरीच कुणी व्यायाम करून घेणारा मिळतो का ते दाजींना बघायला सांग.

सूचनांविषयी. अक्का, तू भावनेच्या भरात लिहितेस. सार्वजनिक कला ही लोकांशी संवाद असते. कलावंतानं आपलं म्हणणं लादायचं नसतं. बायका उभ्या आहेत म्हणजे कमी आहेत असं कशावरून? उभं राहण्यात एक ताठ कणा आहे. आरतीचं ताट हेही एक प्रतीक म्हणून वाचता येईल. मी सगळ्या सूचना स्वीकारल्या आहेत, आणि खरं सांगायचं तर रचना अधिक समतोल झाली आहे.

शिवाय तुला म्हणून सांगतो, बीदरहून उद्घाटनाला येणारे पाहुणे आमच्या कला महाविद्यालयाच्या पदोन्नती समितीवर आहेत. तेव्हा ह्या वेळी जरा सांभाळून घे.

पंधरवड्यात येतो, भिंत पुरी करतो. जयंतीच्या कार्यक्रमाला मांडव नाही, समितीनं खर्च वाचवलाय. लिंबाची सावली आहेच, पाहुण्यांसकट सगळे कट्ट्यावरच बसतील. फक्त सजावट हवी. मी समितीला सांगितलंय की रांगोळी माझी अक्का काढेल. आत्याबाईंसारखा रांगोळीचा हात तर तालुक्यात कुणाचा नाही, त्यांनाही घे. पाटावर बसून त्यांना जमेल. जरा भव्य काढा. कट्टाभर होऊ दे!

तुझा,
प्रशांत

०

गावाहून,
५ एप्रिल २०२५

चि. प्रशांत,

आशीर्वाद. बरं. तू म्हणतोस तसं करू. कट्टाभर काढते.

आत्याबाई आधी तयार नव्हत्या. जयंतीची सेवा आहे आणि सकाळी बापे यायच्या आत उरकू म्हटलं, तेव्हा व्हय म्हणाल्या. रांगोळी चाळायला घेतली आहे. गुरुबाई आणि गल्लीतल्या तिघी मदतीला आहेत.

तू काही काळजी करू नको.

नागरत्ना

०

कलबुर्गी,
२ मे २०२५

अक्का,

शरणु बिरणु काही नाही. मी अजून अंथरुणात आहे. डोकं दुखायलंय, नाकातून रक्त आलं, श्रीदेवी कांदा फोडून उशाशी ठेवायली आहे आणि मधूनच तोंड फिरवून हसायली आहे.

काय केलंस तू? मी पाहुण्यांना घेऊन गाडीतून उतरलो, तर अख्खं गाव उन्हात! समितीचे समदे बापे खांबाजवळ दाटीवाटीनं उभे. जगदेवप्पांनी डोक्यावर टॉवेल घेतलेला. दाजी तुझ्या चपला हातात धरून उभे! आणि कट्ट्यावर ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत रांगोळी. पायरीवर रांगोळी, कठड्यावर रांगोळी. कमळं, बेलपानं, मंत्राची अक्षरं. बोट ठेवायला जागा न्हाई. आणि मधोमध सावलीत तुम्ही सहाजणी, पाय पसरून!

पाहुणे म्हणाले, वा, फार सुंदर, आता बसायचं कुठे? मी तुला म्हटलं, अक्का, बाजूला सर. तू म्हणालीस, "कशी सरू रे? पाय कुठं देऊ, तूच सांग." माइकपुढं! लोक हसले. मग मी त्या भर उन्हात 'कला हळूहळू जागा करते' हे भाषण केलं, कारण दुसरं पाठ नव्हतं. पाहुण्यांनी रुमाल डोक्यावर धरून ऐकलं आणि प्रसाद न घेता निघून गेले. पदोन्नती गेली म्हणून समज.

जयंतीच्या दिवशी त्या रांगोळीवर पाय द्यायची कुणाची छाती नव्हती, आणि हे तुला पक्कं ठावं होतं. बाहेरून आत काढत गेलीस! मीच आठवण करून दिली आणि मीच कट्टाभर काढ म्हटलं. माझ्यासारखा गाढव मीच.

प्रशांत

०

गावाहून,
६ मे २०२५

चि. प्रशांत,

आशीर्वाद. कैरीचं पन्हं घे. ऊन लागलं की उतरायला वेळ लागतो. आम्ही बायका कशा रोज उभ्या राहून घट्ट झालोत, तुमचं तसं न्हाई, नाजूक जात.

तुझी पदोन्नती गेली असंल तर मला खरंच वाईट वाटतंय. ते टोचून बोलायला लिहिलेलं न्हाई. तुझं काम सांभाळू की आत्याबाईंचा पाय, असं माझ्यापुढं आलं तेव्हा मी पाय धरला. पुन्हा आलं तरी तोच धरीन.

तू बाहेरून बघितलंस, आता आतलं सांगते. दिवस उजाडताना आत्याबाईंना मधे पाटावर बसवलं आणि मधलं मोठं कमळ त्यांच्याकडं दिलं. एकदा चिमटीत रांगोळी आली की त्या बाईला जगाची शुद्ध राहत न्हाई. तोवर आम्ही पायरीपासून, कडेकडेनं, आत सरकत आलो. त्यांनी मान वर केली आणि चारी बाजूंनी रांगोळी बघितली. "अगं मेल्यांनो, हे काय केलंत? आता मी बाहेर कशी जाऊ?" मी म्हटलं, "चुकलं आत्याबाई. लहानपणापासून माझं असंच चुकतंय." त्यांनी मला एक लगावून दिली, तीही उलट्या हातानं, फूल बिघडू नये म्हणून.

मग बापे आले. आत्याबाई पदर ओढून, भिंतीकडं तोंड करून बसल्या. मला वाटलं, मी हे काय करून बसले. उठून रांगोळी पुसावी असंही एकदा मनात आलं. भिंतीवर तुझ्या त्या बायका ताटं घेऊन उभ्या, आणि त्यांच्याकडं बघत ही म्हातारी बसलेली. असा बराच वेळ गेला. मग लिंबातून झुळूक आली. त्यांनी पदर थोडा मागं घेतला. पाय लांब केला, दुखरा पाय. मग हळूच मला म्हणाल्या, "नागू, इथं वारं लागतंय गं. मेल्यांनी इतकी वर्षं सांगितलं न्हाई."

मला रडू आलं प्रशांत. हसू पण आलं. तू माइकपुढं ओरडायला लागलास ते नेमकं तेव्हा.

तू गेल्यावरचं तर तुला ठावंच न्हाई. जगदेवप्पा पुढं आले आणि पहिल्यांदा थेट आत्याबाईंना म्हणाले, "सिद्धव्वा, थोडी पुसा आणि उतरा आता. ऊन लई झालंय." आत्याबाईंनी तोंड फिरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दिरांना उत्तर दिलं, "जयंतीच्या दिवशी रांगोळी पुसू म्हणता व्हय? तुम्ही थोरले, तुम्हीच सांगा." ते खाली बघत परत खांबाजवळ गेले. आम्ही दिवस कलल्यावर हातानं रांगोळी गोळा करत उतरलो. तुझ्या दाजींनी चपला पायापुढं ठेवल्या. रात्रीचं ताट त्यांनी स्वतः धुतलं. ते रांगोळीला भिऊन की मला, ते विचारलं न्हाई.

पण हे एका दिवसाचं झालं. रांगोळी काही रोज काढता यायची न्हाई. परवा गुरुवार आहे. आत्याबाई भालकीला जायचं म्हणायल्यात, पण कट्ट्यावर बसणार का ते सांगत न्हाईत.

नागरत्ना

०

कलबुर्गी,
१२ मे २०२५

ती. अक्कास,

शरणु शरणार्थी. तुझं पत्र मी वाचलं, मग श्रीदेवीनं वाचलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "त्या हॉलमध्ये तुमच्या भाषणाला मी सगळ्यात मागं उभी होते. खुर्च्या संपल्या होत्या. तुम्ही बघितलं नाही." मी खरंच बघितलं नव्हतं.

पदोन्नतीचं अजून काही कळलं नाही. जाऊ दे.

उभं राहण्यात ताठ कणा असतो असं मी तुला लिहिलं होतं. मी त्या दिवशी तासभर उन्हात उभा होतो. कणा वगैरे काही नसतं अक्का, नुसते पाय दुखतात. ते वाक्य माझ्या पत्रातून खोडून टाक.

गुरुवारचं काय झालं? लगेच कळव. मी मीटिंगमध्ये नाही.

प्रशांत

०

गावाहून,
१५ मे २०२५

चि. प्रशांत,

आशीर्वाद. गेल्या गुरुवारी आम्ही गेलो. कट्टा नेहमीसारखा भरलेला. आत्याबाई खांबाजवळ थांबल्या. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. तेवढ्यात जगदेवप्पा सवयीनं म्हणाले, "बसा की, कोण नको म्हणतंय?"

आत्याबाई म्हणाल्या, "कोणच न्हाई? मग सरका."

आणि काठी टेकत, चप्पल पायात ठेवूनच, सरळ पायरी चढल्या. बापे असे सरकले की कडेचा एकजण खाली पडता पडता राहिला. ते तुझे दाजी. खुर्ची आत्याबाईंना परत मिळाली. व्यायामाच्या वेळी डॉक्टरांनी पाय बघितला, दोन महिने चुकवल्याबद्दल मला झाप झाप झापलं, पण म्हणाले वेळेत आणलंत, येईल वळणावर.

आज पुन्हा गुरुवार. बस अजून आली न्हाई, म्हणून अक्षर वाकडं आलंय. मांडीवर कागद ठेवून, कट्ट्यावर बसून लिहायलेय. एका बाजूला गुरुबाई शेंगा सोलायली आहे. बापे दुसऱ्या कडेला जरा अवघडून बसलेत, मधे दोन हात फरशी मोकळी. तेवढं असू दे. वारं बरं आहे.

जगदेवप्पांनी आत्ताच विचारलं, कुणाला लिहायलीस? तुझं नाव सांगितलं. त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या तुझ्या बायकांकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, रंग घेऊन ये एकदा. त्यांना बसव. कधीच्या उभ्या आहेत."

ये बाबा. बस आली.

नागरत्ना